उत्तर माहीत असलेले प्रश्न

"चौतीस. पण ती पुलापर्यंतच जाते. पाटी लाल आहे."

माझ्या कोपराच्या उंचीवरून हा आवाज आला, तेव्हा मी बसथांब्यावर डोळे बारीक करून उभा होतो. लांबचा चष्मा शाळेतल्या टेबलावर विसरला होता. नाकावर होता तो वाचायचा, आणि त्यातून समोरून येणारी बस म्हणजे नुसता पिवळसर ढग दिसत होता. कुणाला उद्देशून असं नाही, मी आपलं स्वतःशीच पुटपुटलो होतो, कितीची आली ही म्हणून. उत्तराची अपेक्षा नव्हती. अनोळखी माणसाला काही विचारायचं मी अजूनही टाळतो. पत्ता विचारायला नको म्हणून मी आयुष्यात किती मैल उगाच चाललो असेन कोण जाणे. "आजोबा, तुम्हाला कुठे जायचंय?" आवाज म्हणाला. जुन्या टपाल कचेरीपाशी, मी म्हटलं. "मग एकोणसाठ. नाहीतर अठ्ठेचाळीस, पण ती वळसा घेऊन जाते, उशीर होतो." एकोणसाठ म्हणताना तो आवाज जरासुद्धा अडखळला नाही. एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, ही वळणं अशी आहेत की तिथे भलीभली मुलं घसरतात. चौतीस वर्षं शिकवल्यावर हे ऐकल्याशिवाय कान राहत नाहीत. मी सवयीने मनात म्हटलं, पक्कं आहे पोर. मग चष्मा कपाळावर सरकवून जरा वाकून पाहिलं. ती तीच मुलगी होती. त्याच दुपारी पाऊण वाजता तिच्या नावापुढे मी माझ्या सुबक, जरा जास्तच सुबक अक्षरात लिहिलं होतं: दोन अंकी संख्या ओळखत नाही. चित्रातील वस्तूंची नावे सांगत नाही. प्रतिसाद नाही. आणि खालच्या रकान्यात: वेगळ्या वर्गाची शिफारस.

वेगळा वर्ग हे कागदावरचं नाव. शाळेत सगळे त्याला मागची खोली म्हणतात, कारण ती पटांगणाच्या मागे, सायकली लावतात त्या शेडला लागून आहे. तिथली शिक्षिका मायाळू आहे. मुलं मणी ओवतात, कागदाच्या घड्या घालतात, रंग भरतात. त्या खोलीत ज्यांना खरंच मदत लागते, त्यांचं भलंही होत असेल. पण सहा वर्षांत तिथे गेलेलं एक मूल परत पुढच्या इमारतीत आलेलं मी पाहिलेलं नाही. निवृत्तीनंतर दरवर्षी दोन आठवडे शाळा मला बोलावते, दुसरीतल्या ज्या मुलांबद्दल बाईंना शंका आहे त्यांची एकेकट्याने चाचणी घ्यायला. हे काम माझ्याकडे आलं ते माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे. इतकं सावकाश बसून एकच गोष्ट वीस वेळा विचारण्याची सहनशक्ती दुसऱ्या कुणाकडे नव्हती. मला मात्र ते दोन आठवडे आवडायचे. भरलेल्या वर्गापुढे उभं राहायची भीती माझी चौतीस वर्षांत गेली नाही. रोज पहिल्या तासाला हातात खडू घेतला की तळव्याला घाम यायचा. या लहान खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, कार्डांची लाकडी पेटी आणि एक मूल. मला वाटायचं, इथे आपण निदान कुणाचं नुकसान करत नाही.

मुलीने मला ओळखलं होतं, पण त्याचं तिला काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. मागून तिची आई आली, खांद्याला पिशवी, बोटांची कातडी पाण्याने सुरकुतलेली. इस्पितळाच्या धुलाईघरात ती काम करते हे मी फॉर्मवर वाचलं होतं. हे लोक इथे येऊन आठ महिने झाले, हेही. "चाचणीवाले आजोबा," मुलीने आईला सांगितलं, "त्यांना बस दिसत नाही." आईने मला नमस्कार केला. एकोणसाठ आली तेव्हा मुलीने माझी बाही धरली आणि मला गर्दीतून दारापर्यंत नेलं. मी गेलो. दुपारी मी तिच्यासमोर सहा मिनिटं एक कार्ड धरून बसलो होतो. मोरी, बादली, तांब्या आणि साबण असलेलं चित्र. "यात काय काय आहे, सांग पाहू." ती चित्राकडे बघायची, मग माझ्याकडे, मग दाराकडे. मी आवाज आणखी मऊ केला. "हे काय आहे बाळ?" आवाज मऊ करणं हा माझा हातखंडा आहे. जितका मी मऊ होत गेलो तितकी ती खुर्चीत मागे सरकत गेली, आणि मी घड्याळाकडे पाहून टिपण केलं.

बसमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. मुलगी खिडकीशी. मी बराच वेळ वाक्य जुळवत होतो, आणि शेवटी जे निघालं ते अगदीच मुळमुळीत होतं. "तुमची मुलगी... दुपारी माझ्याकडे होती."

"हो, सांगितलं की तिने," आई हसून म्हणाली; आमची भाषा तिला चांगली येत होती. "म्हणाली, एक आजोबा आहेत, स्वतःच्या हातात चित्र धरतात आणि मलाच विचारतात यात काय आहे. मी म्हटलं, अगं, म्हातारं माणूस, दिसत नसेल. तर म्हणते कशी, चष्मा होता की!"

शेजारचा माणूस हसला. मीही हसलो, नेहमीसारखा सगळ्यांच्या मागून. मग विचारलं, "पण मग तिने सांगितलं का नाही?"

"तुम्हाला माहीतच होतं ना ते." आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं आजाऱ्याकडे बघतात. "आमच्या घरी असं नाही विचारत कुणी. ज्याला ठाऊक नाही तो विचारतो. ठाऊक असून मोठं माणूस विचारायला लागलं, की समजायचं, काहीतरी फुटलंय नाहीतर हरवलंय, आणि आता आपली धडगत नाही. मग काय, खाली बघून गप्प राहायचं. माझी आई विचारायची ना, दूध कुणी सांडलं, तेव्हा तिला पक्कं ठाऊक असायचं."

"मी काही केलं नव्हतं," मुलगी खिडकीबाहेर बघतच म्हणाली.

त्यावर आईने तिच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाली, "कुणी म्हटलंय का तू केलंस म्हणून?" दोघी हसल्या. मी वर्गाबद्दल विचारलं. बाई वर्गात विचारतात तेव्हा काय करतेस? "सगळी ओरडतात," मुलगी म्हणाली, "मग मला नाही सांगावं लागत." हा खुलासा तिने इतक्या सहज केला, जसं आपण सांगतो की सावली असली की छत्री लागत नाही. मी मान डोलावली. त्या क्षणी आईला सांगायला हवं होतं की मी काय लिहून आलो आहे आणि उद्या अकरा वाजता शिफारशी मंजूर करणारी समिती बसणार आहे. तोंड उघडलंही. पण आईने तेवढ्यात विचारलं, "हुशार आहे ना हो ही?" आणि हा प्रश्न खरा होता. तिला खरंच माहीत नव्हतं, ती माझ्याकडून ऐकायला थांबली होती, भिजून पांढरी पडलेली बोटं पिशवीच्या बंदावर ठेवून. मी म्हटलं, "आहे, आहे." आणि एक थांबा आधीच उतरलो.

उरलेला रस्ता चालताना दुकानांच्या पाट्या धूसर दिसत होत्या आणि मला त्याचं बरं वाटत होतं. आमच्या शाळेत आता एकेका वर्गात सहा-सात घरभाषांची मुलं बसतात. कुणाचे आईबाप गोदीत, कुणाचे बांधकामावर, कुणाचे इस्पितळात. त्यासाठी आम्ही काही केलं नाही असं नाही. जिन्याजवळच्या भिंतीवर प्रत्येक भाषेतला नमस्कार लिहिलेली कार्डं लावली आहेत. ती मीच लिहिली, माझं अक्षर चांगलं म्हणून. निरनिराळ्या पोशाखांतल्या बाहुल्यांची चित्रं आहेत. पाहुणे आले की मुख्याध्यापिका बाई त्यांना आधी त्या भिंतीपाशी नेतात. या मुलीच्या भाषेतला नमस्कारही तिथे आहे, वरून तिसऱ्या ओळीत. तिच्या घरी नमस्कार कसा करतात हे आम्ही शोधून काढलं. तिच्या घरी प्रश्न कधी विचारतात, कोण कुणाला विचारतं, विचारलं की त्याचा अर्थ काय होतो, हे शोधावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर यायलाच हवं होतं. माझ्याकडे पुस्तकांची दोन कपाटं आहेत. त्यातल्या एका जाड पुस्तकात घरातलं बोलणं आणि शाळेतलं बोलणं यावर आख्खं प्रकरण आहे, आणि त्यातल्या एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ आहे, पट्टी लावून ओढलेली. मुलं घरून निरनिराळ्या बोलण्याच्या रीती घेऊन शाळेत येतात, अशा अर्थाचं काहीतरी. रेघ मीच ओढली आहे. नऊ वर्षांपूर्वी. ओढताना बहुधा समाधान वाटलं असणार. मला पुस्तकातलं खरं वाटतं ते पुस्तकातच.

आणि खरं म्हणजे पुस्तकाचीही गरज नव्हती. आमचे बाबा पुस्तकबांधणीचं काम करायचे, आणि घरी कुणी गिऱ्हाईक किंवा नातलग आला की आम्हा भावंडांना पुढे बोलावायचे. "हे कोणतं अक्षर?" "या रंगाला काय म्हणतात?" मी पाच वर्षांचा होतो, लाजाळू होतो, पण मला एक गोष्ट फार लवकर उमगली. प्रश्न हा प्रश्न नसतो. बाबांना अक्षर येतं, पाहुण्याला येतं, आपण ते म्हणायचं आणि सगळ्यांनी खूश व्हायचं. मी म्हणायचो. पाहुणा वाहवा करायचा, बाबांच्या मिशा हलायच्या. माझं सगळं शिक्षण मी त्या एका युक्तीवर पार पाडलं असं मला हल्ली वाटतं. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती बोलायची नाही. एकदाच बोलली, "तुम्हाला येतंय की, मग मला कशाला?" बाबांनी सगळ्यांदेखत तिच्या मुस्काटात मारली, आणि पाहुणा म्हणाला, राहू द्या हो, पोरीची जात, डोकं जड असतं एकेकाचं. ते जड डोकं घरात रूढ झालं. ताईला सातवीनंतर शाळेत घातलं नाही. पुढे चाळीस वर्षं तिने बांधणीच्या दुकानात पुठ्ठे कापले, पट्टी न लावता, नुसत्या नजरेने. कागदाचा गठ्ठा हातात घेऊन ती सांगायची, दोनशे ऐंशी पानं, वर दोन-चार. चुकायची नाही. मी शिक्षक झालो तेव्हा तिने मला विचारलं होतं, "काय करतोस रे तिथे दिवसभर?" मी म्हटलं, मुलांना विचारतो. ती म्हणाली, "तुला काय येत नाही म्हणून?" मला वाटलं ती चेष्टा करते आहे, आणि मी तो किस्सा शिक्षकांच्या खोलीत हशा पिकवायला वापरलासुद्धा. आता ताई नाही. ताईची आणि या मुलीची सांगड मी माझ्या सोयीसाठी घालतोय की काय, अशीही शंका रस्त्यात आली. ताई हट्टी होती, ही मुलगी घरची रीत पाळत होती. दोन्ही एक नव्हे. पण दोघींच्या गप्प बसण्याला मूर्खपणा म्हणणारा माणूस एकाच जातकुळीचा, आणि त्यातला एक मी.

"आलात का?" दार उघडून बायको म्हणाली. मी समोर उभा होतो. मला हसू आलं, कारण आमच्या घरात सगळं असंच चालतं. झोपलेल्या माणसाला हलवून विचारायचं, झोपलात का? ताटावर बसलेल्याला, जेवताय का? या मुलीला आमच्या घरी चार दिवस ठेवलं तर ती घाबरून माळ्यावर चढून बसेल. बायको मटार सोलत होती. मी समोर बसून शेंगा हातात घेतल्या आणि तिला सगळं सांगितलं, फॉर्मपासून बसपर्यंत. ती टेलिफोन कचेरीत चौकशीच्या टेबलावर तीस वर्षं होती. तिला फोन करणाऱ्याला नंबर खरोखरच माहीत नसायचा.

"म्हणजे तुम्ही मुलांना विचारता ते तुम्हाला सगळं आधीच येत असतं?" ती म्हणाली.

"अगं, चाचणी म्हणजे तेच."

"मला वाटायचं तुम्ही माझ्याशीच असं वागता." तिने दाणे वाटीत टाकले. "एकेचाळीस वर्षांत मला कधी असा एक प्रश्न विचारलात का, ज्याचं उत्तर तुमच्याकडे तयार नव्हतं?"

मी आठवू लागलो. ती थांबली. माझ्यावर दया करून थांबली नव्हती, मजा बघत होती. "किल्ल्या कुठे आहेत," मी शेवटी म्हणालो.

"ती चौकशी झाली," बायको म्हणाली. "दाणे फोडू नका, नीट काढा. आणि उद्या जाऊन सांगा त्यांना. तुम्ही नुसते झुरत बसाल आणि अकरा वाजून जातील."

माझ्याबद्दलचं तिचं मत सहसा बरोबर असतं. सकाळी आठला मी शाळेच्या फाटकाशी पोचलो आणि पावणेनऊपर्यंत समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर उभा राहिलो. मनात वाक्यं मांडत होतो. दुकानदाराने तीनदा विचारलं काही काढायचंय का, म्हणून शेवटी नको असताना घरचं वीजबिल झेरॉक्स करून घेतलं. मला भीती मुख्याध्यापिका बाईंची नव्हती. त्या चाळिशीतल्या, झपाझप काम उरकणाऱ्या, माझ्याशी आदराने वागणाऱ्या. भीती अशी होती की मी बोलायला लागलो की माझं म्हणणं माझ्याच कानांना खोटं वाटायला लागतं. समोरचा जरा गप्प राहिला की मी त्याची बाजू घेऊन माझ्याशी वाद घालतो.

"या सर, चष्म्यासाठी ना? हा घ्या," बाई म्हणाल्या. मी चष्मा घेतला, घातला, बाईंचा चेहरा एकदम स्पष्ट झाला आणि त्यामुळे बोलणं आणखी अवघड झालं.

"कालच्या फॉर्ममध्ये एक चूक आहे."

"खाडाखोड चालत नाही हं. कोरा देते, नवा भरा."

"तशी नाही. फॉर्म बरोबर भरलाय. मीच चुकलोय." मी मुलीचा क्रमांक सांगितला. "तिला आकडे येतात. वाचताही येतं, निदान बसच्या पाट्या."

"कळलं कसं?"

"बसथांब्यावर."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "सर, मी समितीला बसथांबा सांगू?"

मग मी समजावून सांगू लागलो, आणि फार वाईट सांगितलं. मोरीच्या चित्रापासून सुरू केलं, मध्येच सांडलेल्या दुधावर गेलो, आमच्या ताईचं नाव निघता निघता राहिलं. बाईंनी घड्याळ पाहिलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो त्यांना सुचू नये अशी मी झेरॉक्सच्या दुकानाबाहेर आशा करत होतो. "मग बाकीच्या चौदांचं काय?"

या वर्षी मी पंधरा मुलांच्या चाचण्या घेतल्या होत्या. अकरांची शिफारस केली होती, चौघांना पास केलं होतं. "त्यांच्यातही काही गप्पच होते," मी म्हणालो. "कोण कशामुळे गप्प होतं, ते आता मला सांगता येणार नाही. आणि जे बोलले ते... ते माझ्यासारखे असतील. म्हणजे, हवं ते म्हणून दाखवणारे."

"थोडक्यात?"

"सगळ्याच रद्द कराव्या लागतील."

"लेखी द्यावं लागेल. परीक्षकाने स्वतः." बाई आता मुख्याध्यापिकेच्या आवाजात बोलत होत्या. "आणि सर, स्पष्ट बोलते, राग मानू नका. हे कागदावर आलं, की पुढच्या वर्षी मी तुम्हाला कोणत्या तोंडाने बोलवू?"

"नका बोलावू," मी म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की दोघेही चपापलो. ती एक खोली सोडली तर निवृत्तीनंतर मला जायला दुसरी जागा नव्हती, आणि हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी लिहिलं, चाचणीच्या पद्धतीत दोष आढळल्याने. बाईंनी वरून वाचलं. "पद्धत म्हणू नका. पद्धत मंजूर झालेली आहे, ते वाद घालतील." मी दुसरा कागद घेतला. मी घेतलेल्या पंधरा चाचण्या मी चुकीच्या रीतीने घेतल्या, त्या ग्राह्य धरू नयेत. खाली सही.

"चौदा पुढच्या बैठकीला," बाई कागद फाइलमध्ये लावत म्हणाल्या. "या मुलीचं नाव समितीकडे गेलेल्या आजच्या यादीत पहिलं आहे, ते हलवता येणार नाही. तिची आत्ता घ्या. पेटी तीच, कार्डं तीच, प्रश्न तेच. त्यात फरक नको. मी बसते बाजूला. ती आज बोलली तर बोलली. नाही बोलली, तर सर, तुमचा कागद असला तरी मला कालचंच पुढे करावं लागेल."

मुलगी आली. मी दिसताच तिने बाईंकडे पाहिलं, मग पेटीकडे, आणि तिचे खांदे जरा वर गेले. पाय खुर्चीवरून लोंबकळत होते. मी रात्रभर एक युक्ती योजून ठेवली होती. मी कार्ड उचललं, त्याची पाठ माझ्याकडे आणि चित्र तिच्याकडे केलं, आणि म्हटलं, "मला इथून दिसत नाही. यात काय आहे?"

तिने माझ्याकडे बघितलं. "मग उलटं करून बघा ना," ती म्हणाली.

बाईंना खोकला आला. मी कार्ड खाली ठेवलं. युक्ती संपली होती. माझ्या बाजूच्या खिडकीतून पटांगण दिसत होतं, त्यापलीकडे मागच्या खोलीचं दार, दाराला कुणीतरी रंगीत कागदाची साखळी लावलेली. मला तळव्यांना घाम आल्याचं कळलं. चौतीस वर्षं मी जी भीती वर्गाच्या गर्दीची समजत होतो, ती एका मुलापुढेही तितकीच होती. तिच्याशी काहीतरी नवं, अधिक हुशारीचं बोलायला हवं असं वाटत होतं आणि डोक्यात काही येत नव्हतं. खोटं बोलून झालं होतं, ते तिने ओळखलं होतं. उरलं होतं ते खरं सांगणं, आणि ते इतकं साधं होतं की मोठ्या माणसांसमोर म्हणायची लाज वाटली.

"या चित्रात काय आहे ते मला माहीत आहे," मी म्हणालो. "सगळ्या चित्रांत काय आहे ते पाठ आहे मला. मला माहीत नाही ती तू. तुला काय काय येतं ते मला ठाऊक नाही. काल मी ते लिहून टाकलं, पण ते चुकीचं होतं. आज मला ते शोधून काढायचंय, आणि तुझ्याशिवाय ते दुसऱ्या कुणाला माहीत नाही. म्हणून विचारतोय. काही फुटलेलं नाही. कुणी काही केलेलं नाही."

ती विचार करत होती. मुलं विचार करतात तेव्हा त्यांच्याकडे बघू नये, हे एवढं तरी मी शिकलो आहे, म्हणून मी पेटीच्या कडेकडे बघत राहिलो.

"म्हणजे माझ्याबद्दल विचारताय," ती म्हणाली.

"हो."

"मग तसं सांगायचं ना काल." आणि तिने पेटी स्वतःकडे ओढली, टेबलावरचं कार्ड उचललं आणि सुरू झाली. मोरी. बादली. तांब्या. साबण, पण झिजलेला. एकसष्ट. सत्त्याण्णव. एकोणऐंशी. हा मोठा, हा लहान, हे दोन सारखे. या गोष्टीतली बाई आधी दार उघडेल आणि मग दिवा लावेल, उलटं नाही, कारण अंधारात दार सापडतं पण बटण सापडत नाही. मला प्रश्न वाचायलाही वेळ मिळेना. बाई फॉर्मवर खुणा करत होत्या. विसातले अठरा बरोबर आले. दोन तिला आले नाहीत, आणि ते तिने तोंडानेच सांगितलं, "हे नाही येत मला. कुणी दाखवलं नाही अजून." खालच्या रकान्यात बाईंनी लिहिलं, आहे त्याच वर्गात, आणि लिहिलेलं मला दिसेल असं फिरवून धरलं. मी ते दोनदा वाचलं. मग बाई फाइल घेऊन उठल्या, कारण अकराला दहा मिनिटं होती.

मुलगी खुर्चीवरून उतरली होती. दाराशी जाऊन ती थांबली. "कळलं आता तुम्हाला?" तिने विचारलं.

मी सवयीने हो म्हणणार होतो. पण तिने ते सहज म्हणून विचारलं नव्हतं. तिला माहीत नव्हतं आणि ती उत्तरासाठी थांबली होती. मी शोधू लागलो, खरोखर किती कळलं ते. तिच्या घरी दिवा कोण लावतं हे मला माहीत नव्हतं. बसच्या पाट्या तिला कुणी शिकवल्या हे माहीत नव्हतं. ती कशाला हसते आणि कशाला भिते, याचं एकच उदाहरण माझ्याकडे होतं आणि ते मीच होतो.

"थोडंसं," मी म्हणालो.

तिने मान हलवली, परत आली आणि दोन्ही हात टेकून खुर्चीवर चढून बसली.

"मग अजून विचारा," ती म्हणाली.